सहा गुणांचा प्रश्न

अकरा वर्षं मी फळ्यावर एक भोक काढत आलो.
खडूनं गोल, गोलाला बाण,
बाणाच्या टोकाशी लिहायचं: ब्लोहोल.
कारणे सांगा. गुण सहा.
चार कारणांना चार, आकृतीला दोन.
मुलं पास व्हायची, पुण्याला जायची,
हिंजवडीत कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर तपासायची
आणि दिवाळीत पेढे घेऊन यायची माझ्याकडे.

मग शशिकांत पत्रावळेचा फोन आला.
माझ्याच बॅचचा. थर्मोडायनॅमिक्सला तीनदा बसलेला,
आता शिरोलीत त्याची फौंड्री.
म्हणाला, "शंभरातले एकोणीस नग परत आल्यात.
पुढची ऑर्डर राजकोटला जाती बघ.
तू हेच शिकवतोस न्हवं?"

शेडमागं परत आलेल्या व्हॉल्व्हचा ढीग होता,
मंडईत न खपलेल्या वांग्यांसारखा.
हिंदुराव लोहार, मोल्डर, चौथी पास,
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"सर, हितं बोट घाला."
घातलं. नखापर्यंत गेलं.
आत गुळगुळीत होतं, तान्ह्या पोराच्या टाळूसारखं.
अकरा वर्षं माझा गोल
कडेनं खडबडीत निघत होता.

त्यानं वाळू मुठीत आवळली,
मोडली, मोडलेल्या कडा उजेडाला धरल्या.
"तापल्या. तिसऱ्या पाळीला तर लईच."
मी विचारलं, "लई म्हणजे किती?"
तो थांबला.
"लई म्हंजे लई. आता आकडा कुठनं आणू?"

आकडा माझ्याकडेही नव्हता.
प्रयोगशाळेत वाळू तपासायचं यंत्र आहे,
त्यावर कापड आहे, कापडावर धूळ,
तपासणी समिती येते तेव्हा आम्ही फक्त कापड धुतो.

प्राचार्यांनी विचारलं: विमा कोण भरणार?
रात्रपाळीची हजेरी कुठल्या रकान्यात?
मुली पण जाणार?
कसबा बावड्याची ऋतुजा नेजदार म्हणाली,
"मी थांबतो की सर. घरात सांगून आलोय."
पाठीला सॅक, सॅकमध्ये थर्मामीटर, वही, आईनं दिलेल्या दोन भाकऱ्या
आणि तिच्याहून चार मापं मोठे बूट.

दर अर्ध्या तासाला
हिंदुराव आधी मुठीनं सांगायचा,
मग ती पारा वाचायची.
पहाटेपर्यंत दोनदाच जमलं नाही:
एकदा मूठ चुकली, एकदा थर्मामीटर.
चार वाजता तिनं वही उलटी करून दाखवली.
रेघ सरळ चालत येत होती
आणि दोननंतर शाहूपुरीतल्या उंटासारखी वर.
परतीची वाळू निवायच्या आधीच
पुन्हा साच्यात जात होती.
गरम वाळू, गार पॅटर्न, मधे घाम.
हिंदुराव रेघेवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला.
"ही माझी मूठ हाय व्हय?" म्हणाला.

वाळूला आता निवायला पाऊण तास जास्त मिळतो.
एकोणीसाचे आठ झाले.
राजकोट आहेच,
त्यांचे कदाचित पाच असतील.
पत्रावळे ऋतुजाला नोकरी देतो म्हणाला,
पगाराचा आकडा ऐकून ती हसली,
अजून हो म्हणालेली नाही,
आणि मीही तिला म्हण म्हणालेलो नाही.

यंदा पेपर काढताना मी एक नग पिशवीतून नेला,
समितीच्या टेबलावर ठेवला.
प्रश्न एकच: हे भोक कुठून आलं?
गुण सहा.
समितीनं चहा मागवला. एकानं नग उचलून पाहिला, वजनदार होता.
अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न छान आहे हो,
पण छापणार कसा?"

तो नग आता माझ्या टेबलावर असतो.
त्याच्याखाली अतिथी व्याख्यात्याचा अर्ज:
नाव, हिंदुराव दादू लोहार.
अनुभव, चौतीस वर्षे.
शैक्षणिक अर्हता ही जागा कोरी.
पंखा सुरू झाला की कागदाचं टोक फडफडतं,
उडत नाही.